बेमालूम

पाचशे बारा पिक्सेल लांब, तेवढाच रुंद.
एवढ्याशा चौकोनाचे मला पैसे मिळतात.
एकाला एक लावत गेलं की
कुणाच्या तरी दुकानाची अख्खी पार्श्वभूमी भरते,
आणि सांधा कुठंय ते कळता कामा नये.

युक्ती सोपी आहे.
चित्र निम्मं उजवीकडं सरकवायचं, निम्मं खाली.
कडेला होतं ते मधोमध येतं,
उभा-आडवा ओरखडा दिसतो.
तो बुजवत बसायचं,
शेजारचे कण उचलून, हलक्या हातानं,
रफू करावं तसं.

ॲक्रिंग्टनमध्ये पोतांना तोटा नाही.
बंद गिरणीची लालभडक वीट,
बसथांब्याच्या काचेवरचा घाम,
ओल्या स्लेटची छपरं, टेकडीपर्यंत.
मी फोन घेऊन भिंतींना नाक लावून उभी असते.
लोक आता विचारत नाहीत.

शेजारच्या मॉरीन एंटविसल, वय चौऱ्याऐंशी,
वॉलपेपरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
छपाईच्या रुळांवर होत्या.
परवा नळ गळायला लागला म्हणून
स्वयंपाकघरातलं कपाट सरकवायला मला हाक मारली.
मागं निळी फुलं, पिवळट देठ, सन एकाहत्तर.
आणि एका जोडावर
फूल अर्धा इंच खाली घसरलेलं.
'क्लिफर्डनं लावला होता. भांडलो होतो त्या दिवशी.
कशावरून ते आठवत नाही.
कपाट मी त्याच संध्याकाळी इथं आणलं.'

मला मामा आठवला, इचलकरंजीत वहिफणीला.
संपत आलेल्या बीमचे धागे
नव्या बीमच्या धाग्यांना गाठत बसायचा,
हजारो गाठी, मान न वळवता.
गाठी मागातून पुढं आल्या
की तेवढं कापड कापून टाकायचे.
आमच्या घरातली सगळी फडकी त्या कापडाची.

फुलांचा चौकोन रात्री एकला नीट बसला.
लांब सरून पडदाभर पाहिला,
तर गोंदाचा एक डाग, अंगठ्याएवढा,
प्रत्येक चौकोनात त्याच जागी,
कवायतीला आल्यासारखा रांगेत उभा.
एकदाच असतो तोवर तो डाग.
चारशे वेळा आला की नक्षी,
आणि आमच्या धंद्यात
नक्षी दिसली म्हणजे चोरी पकडली गेली.
पुसला.
फूल तर आधीच सरळ केलं होतं.
दोन क्लिक.

सकाळी लॅपटॉप घेऊन गेले.
मॉरीननी चष्मा कपाळावर चढवला,
पडद्याला जवळजवळ गाल टेकवून
एकेक रांग बोटानं शोधत गेल्या.
'कुठंय गं?'
मी म्हटलं, नाहीच आहे, तेच तर काम.
'हं,' म्हणाल्या. 'कारखान्यात असाच निघायचा.'

मग दोघींनी कपाट परत ढकललं.
अर्ध्यावरच त्यांनी हात काढून घेतला,
फूल अजून दिसत होतं.
म्हणाल्या, पुढं जात नाही,
फरशी वाकडी आहे.