एकतीस नंबर

एल आल्तोत ऊन गार असतं, पण चावतं.
चार हजार मीटरवर आभाळ इतकं खाली
की प्लास्टिक दोन वर्षांत म्हातारं होतं.
मी इथला कोठीवाला. फळीवर चाळीस हेल्मेटं.
रोज सकाळी एकेक कानाशी धरून
दोन्ही तळव्यांत दाबतो, कलिंगड पारखावं तसं.
जे करकरतं ते बाद.
आतल्या बाजूला साच्यात उमटलेला
एक बारका गोल असतो, त्यात बाण.
बाण कुठल्या महिन्याकडे बघतोय
ते वाचायला मला आता चष्मा लागतो.

निकासिया मायता विटांच्या कामावर.
दोन वेण्या, शेवटाला एकमेकींत गुंफलेल्या,
डोक्यावर आईकडून आलेली काळी गोल टोपी.
ती काढायची म्हणजे सोहळाच:
फुंकर मारणार, बाहीनं काठ पुसणार,
सुती फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी माझ्याकडे.
"बासिलिओ, वर काही ठेवू नकोस हं."
आणि हेल्मेट?
ते खुंटीला, भर उन्हात. जेवणाच्या सुट्टीत त्यात बटाटे.
एकदा तर सिमेंटसाठी पाणी.
घालायचीही टोपीसारखंच, जरा कलतं, एका कानावर.

मी म्हणालो, अगं, टोपी कलती शोभते.
याला शोभायचं नाहीये.
डोकं आणि टरफल यांच्यात मोकळी जागा लागते,
मार त्या पोकळीत जिरतो,
तिथं हातमोजे कोंबू नकोस.
रंग नको, पेट्रोलनं पुसणं नको.
कोमट पाणी, अंगाचा साबण, सावली. बस्स.
"म्हणजे लेकराला न्हाऊ घालतात तसं?"
आणि हसली, सगळ्या बायांना सांगत सुटली.
पण दुसऱ्या दिवशी पट्टी आवळून आली.

जानेवारीत पाचव्या मजल्यावरून
मचाणाची लोखंडी कडी निसटली.
मी कोठीतून ऐकलं. एकच टक्.
तोंडातला कोकाचा पाला कडू झाला.
ती विटांच्या थप्पीवर बसलेली, वेण्यांत धूळ,
आपलं नाव सांगत होती.
तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बरोबर.

एकतीस नंबरवर धड ओरखडाही नव्हता.
मुकादम म्हणाला, चालेल की अजून.
मी पट्ट्या कातरल्या,
करवतीनं मधोमध दोन फाका केल्या.
एकदा मार खाल्लेलं दुसऱ्यांदा खात नाही,
कचऱ्यातून उचलून कुणी घालू नये.
वहीत लिहिलं: ३१, बाद.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

संध्याकाळी ती टोपी घ्यायला आली.
पिशवी सोडली, फडकं सोडलं,
टोपी तशीच डोक्यावर ठेवली
आणि त्या दोन फाका फडक्यात बांधून
पिशवीत घातल्या, तोंडाला गाठ मारली.
बाहेर गारा सुरू झालेल्या.
रोपवेच्या थांब्यापर्यंत दहा मिनिटांचा चढ.
ती घाई न करता गेली,
आईच्या टोपीवर गारा टपटपत,
पिशवी पोटाशी धरून.