दोन सेल उसने

बोल्टनच्या सुपरमार्केटात
पेन्सिल सेलच्या रॅकपुढे उभी आहे मी.
हातात वीसचं पाकीट, वर पिवळं लेबल: अर्ध्या किमतीत.

घरी चार्जर आहे. हेरंबनं आणलेला,
कागदावर हिशोब मांडून: हजार वेळा भरता येतात.
मोजणार कोण, असं मीच म्हणाले होते.
आता प्रत्येक सेलवर मार्करनं तारीख घालते,
लोणच्याच्या बरणीवर घालावी तशी.

मुलाच्या आगगाडीला भरायचेच सेल.
ती दिवसभर सोफ्याखालून धावते
आणि संध्याकाळी तिला सपाटून भूक लागते.
टॉर्चला तेच, बीपीच्या यंत्राला तेच.
घड्याळाला मात्र वापरून टाकायचा:
ते बसून खातं, एक घास वर्षभर पुरवतं.
धुराच्या अलार्मला तर भरायचा नकोच,
त्याच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय,
ते आम्ही वाचलं जानेवारीत, पहाटे तीनला,
तो मिनिटामिनिटाला टिटवीसारखा ओरडत असताना,
खुर्चीवर चढून, एकमेकांना दोष देत.

शेजारचे नॉर्मन विन्स्टॅन्ली चौऱ्याऐंशी वर्षांचे.
सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली,
कान तिथेच राहिले.
त्यांच्या यंत्रातला बटणाएवढा सेल मी बदलून देते.
स्टिकर सोलायचा, मग मिनिटभर थांबायचं,
सेलला हवा पिऊ द्यायची.
तेवढं मिनिट आम्ही गप्प.
त्यांना ऐकू येत नाही, मला घाई नसते.

रेडिओला ते सारखे नवे सेल आणतात.
मी चार्जरचं सांगून पाहिलं, पाठ केल्यासारखं:
पैसे वाचतील, कचरा कमी, हजार वेळा…
"हजार?" ते हसले.
"पोरी, मला हा उन्हाळा पुरला तरी झालं."
मग एक सेल टेबलावर उभा धरून सोडला.
टुणकन उडाला, लवंडला.
"हा मेलाय."
दुसरा सोडला. धप्प. उभाच राहिला.
"ह्याच्यात आहे अजून."
मेलेला उडतो नि भरलेला जागीच बसतो,
हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

गेल्या रविवारी दारावर टकटक.
सामना अर्ध्यात, रेडिओ गप्प.
"दोन सेल उसने देतेस?"
दिले. तारीख घातलेले.
बुधवारी ते रिकामे घेऊन आले,
विरजणाची वाटी परत करावी तसे,
स्वच्छ पुसून, दह्याच्या डब्यात.
मी ते ठेवून घेतले, भरलेले दोन दिले.
चार्जर त्यांना अजूनही नकोच आहे.

वीसचं पाकीट परत ठेवते.
अलार्मसाठी एक चौकोनी सेल घेते,
आणि भरायचे चार, ह्या विसांपेक्षा महाग.
दाराशी जुन्या सेलांची उभी नळी आहे,
तिच्यात नॉर्मनचा डबा उपडा करते.
खडखड होते, गोट्या ओतल्यासारखी.

रात्री स्वयंपाकघरात चार्जरचा लाल दिवा.
चार खाचा, चारही भरलेल्या.
हेरंब विचारतो, ह्यातले आपले कुठले?
तारखा बघ, मी म्हणते.
त्याला चष्मा सापडत नाही.