पीळ

हडर्सफील्डच्या गिरणीत, वरच्या मजल्यावर,
माझी नोकरी तंतू तोडण्याची.
लोकरीचा एकेक तंतू चिमट्यात धरायचा,
यंत्र ओढतं, मी आकडा लिहिते.
तुटताना आवाजसुद्धा होत नाही.
एकवीस वर्षं झाली.

ओला तंतू मात्र आधी लांबतो,
तिसऱ्या हिश्शानं लांबतो कधी कधी,
आणि सोडला
की मुकाट परत जातो आपल्या मापाला.

गेल्या साली माझेच केस गेले.
उशीवर, बेसिनमध्ये, चहाच्या कपात एक.
औषधाला घाईतल्या पेशी मारायला सांगितलं होतं,
केसांची मुळं बिचारी
नेहमीच घाईत.

आले परत. पण कुरळे.
सात पिढ्यांत कुणी कुरळं नाही आमच्यात.
वहिनी फोनच्या पडद्यावर म्हणाली, शोभतंय गं,
आणि कॅमेरा छताकडे वळवला.

म्हणून शनिवारी चढावरचं मेव्हिसचं दुकान.
सरळ करून दे, म्हटलं.
तिनं बाटली उघडली,
नाकात अमोनिया, त्यामागून नासक्या अंड्याचा वास.
गंधक.
ओळखीचा निघाला. डोळे मिटले.

कातडीखाली, मुळाशी, इवलीशी गिरणी चालू असते,
तीन-तीन अक्षरं तोडून निरोप वाचते
आणि मणी ओवते. जाती वीसच.
साखळी बाहेर पडते ती स्वतःच वळत,
जिन्यासारखी गोल गोल.
पाण्याला बुजणारे मणी एका अंगाला येतात,
तसलीच बुजरी दुसरी साखळी शोधतात,
आणि दोघी एकमेकींना पीळ घालतात.
मग गंधकाचे मणी हात धरतात, घट्ट.
त्याला आपण केस म्हणतो.
नख म्हणतो. शिंग. मेंढीच्या पाठीवरचा हिवाळा.
तेच मणी वेगळ्या क्रमानं ओवले
तर रक्तातून प्राणवायू नेणारी होडी,
आणखी वेगळे, तर पोटातली कात्री, भाकरी कातरणारी.
क्रमावर सगळं.
एखादा मणी चुकला तर काय,
ते मला रिपोर्टात दाखवलं होतं,
पिवळी रेघ मारून.

मेव्हिसला यातलं काही माहीत नाही,
म्हणजे सगळं माहीत आहे.
ही बाटली धरलेले हात सोडवते, म्हणाली,
मग मी फणीनं ओढून बसवते,
मग ही दुसरी बाटली,
की ज्याला जो जवळ सापडेल त्याचा हात तो धरतो.
पण हे बाहेर आलेल्याचं हं.
आतून येणारं मला विचारून येत नाही.
सहा आठवड्यांनी तू परत इथेच.

आमच्यात एक म्हण आहे, मी सुरू केलं,
सुंभ जळला तरी
आणि अडले.
सुंभाला तिच्या भाषेत शब्द आहे, पिळालाही आहे,
दोन्ही मिळून जो तोरा होतो
तो कुठून आणू?
ती थांबली होती, फणी हातात.
दोर जळतो, म्हटलं, पण वळण राखेतही दिसतं.
माझा नवरा असाच होता, मेव्हिस म्हणाली,
आणि इतकी हसली की खोकला आला.

आधी कानामागची एक बट करून बघू, ठरलं.
एक बट झाली.
आरशात ती माझी जुनी बट होती,
कॉलेजच्या ओळखपत्रावरची,
जिला काहीच झालेलं नव्हतं.
पुरे, म्हटलं.
तिनं सहा पौंड घेतले, खरं तर नको म्हणत होती.

सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर
माझाच एक केस चिमट्यात लावला,
मुळाकडचा, नवा.
ओला केला. बटण दाबलं.
लांबला. अजून लांबला.
तुटेपर्यंत थांबायचं नाही असा इथला नियम.
मी थांबले.
सैल सोडला आणि वाट पाहिली,
खाली मालाची गाडी मागे येत पीं पीं करत होती.

आकड्याच्या रकान्यात
मराठीत लिहिलं: परत गेला.