मुदतवाढ

मुणगेकर भाऊंनी जुडगा हातात ठेवला
तेव्हा किल्ल्या सहा होत्या, कुलपं चार.
"या दोन कसल्या?"
"माझ्या आधीच्यानं दिलेल्या. त्यालाही ठाऊक नव्हतं.
असू देत. जड नाहीत."

तांबळडेग. ड वर्ग. कौलारू खोली एक,
कपाटं पाच, त्यातलं एक मच्छीमार सोसायटीकडून उसनं,
अजून परत न मागितलेलं.
अनुदान येतं कधीतरी,
त्याच्या मागून पाय ओढत माझा पगार.

कणकवलीत सहा महिने शिकले मी
ज्ञानाचे दहा भाग,
दहाचे शंभर, शंभराचे हजार.
भाऊंचे भाग दोनच:
वाळवी लागलेली, आणि लागणार असलेली.
मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं होतं,
सगळ्यात खालच्या फळीवर काय ठेवशील?
मी म्हटलं, संदर्भग्रंथ.
"काही ठेवायचं नाही.
आषाढात पाणी येतं."

पहिले दोन दिवस मी टाचण्या काढत बसले,
गंजून कागदाला धरून बसलेल्या.
पुस्तकं हवेनं फुगलेली,
एक ओढलं की शेजारची दोन
सोबत यायला निघतात.
वाचक आले तीन. दोघे पेपरापुरते,
तिसरा पाऊस थांबेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी थकबाकीची यादी केली.
सभासद १४३, गुंडू कोयंडे,
दाखल क्रमांक ९१२, रहस्यकथा,
नेली त्याला आता वीस महिने.
वहीवर शिक्का मारण्याआधी घरी जाऊन यावं
असं पुस्तकात लिहिलेलं नाही, पण गेले.

बंदीचे दिवस. होडी अंगणात,
झावळ्यांखाली, नाक घराकडे करून.
गुंडूची बायको जाळ्याच्या गाठी सोडवत होती.
"खंयचा गो तू? बँकेतला काय?"
मी म्हटलं, वाचनालयातली.
ती हसली, आतून नवऱ्याला हाक मारली.

तो आला. होडीत चढला.
फळी उचलून, डिझेलच्या कॅनमागून
दुधाच्या पिशव्यांत बांधलेलं एक गाठोडं काढलं.
एकावर एक तीन पिशव्या.
पुस्तक कोरडं. वास मात्र होडीचा.
"जाळा टाकून बसलंय काय वाचतंय.
रात्री दोन पानां, कधी तीन.
जमिनीर वाचूक गेलंय तर निज येता माका."
पान एकशे एकोणऐंशी. खुणेला
मोरीच्या दाताएवढं शिंपलं.
"थोडांच रवला. नारळी पुनवेनंतर बंदर उघडला
की चार रातीत संपयतंय.
कोणी मारल्यान ता कळूक व्हया."

मी मान हलवली.
दंडाची पावती पर्समध्येच राहिली.

परत येऊन दाखलनोंद उघडली, ९१२.
शेऱ्याच्या रकान्यात भाऊंचं अक्षर, लाल शाईत:
शेवटची चार पाने नाहीत. आली तेव्हापासून.

भाऊ दारात छत्री झटकत होते.
"आधी कुणी नेलं होतं हे?"
"बरेच जण."
"मग?"
"परत आणून ठेवलं. कुणी काही बोललं नाही.
मीही नाही."

संध्याकाळी कंदिलाची काच पुसली,
वीज गेली होती.
सभासद १४३ समोर लिहिलं:
मुदत वाढवली. नारळी पौर्णिमेपर्यंत.
माझी पहिली सही,
ती त्या रकान्यात मावली नाही.

मग कोरा कागद घेतला.
प्रति, ग्रंथपाल, जिल्हा ग्रंथालय.
विषय: पाने मिळण्याबाबत.
महोदय,
आपल्याकडे या पुस्तकाची प्रत असल्यास
पृष्ठ १८९ ते १९२ यांची झेरॉक्स
कृपया पाठवावी.
खर्च आमचे वाचनालय देईल.

खर्च कुठून देईल, ते नंतर बघू.
खाली लिहिलं: निकड आहे,
बोटी एक ऑगस्टला सुटतात.