वाटणी

गोळी मीच दिली, माझ्याच फार्मसीच्या काउंटरवरून.
पांढरी, मधोमध चीर असलेली,
सकाळी न्याहारीआधी अर्धी.
साखरेची साधी गोळी, निम्मं काब्रास घेतं.
आतल्या पत्रकाची घडी मी मोडली नाही.
तळाशी, बारीक अक्षरांत, 'क्वचित' या शब्दाखाली
काय काय निजलेलं असतं
ते मला पाठ होतं.
परीक्षेत लिहिलंही होतं.

नवव्या दिवशी बाबांनी न्हाणीघरातून हाक मारली,
ओरडून नव्हे,
जाळ्यात भलतंच काही आलं
की होडीतून मारायचे, तशी:
"जरा येऊन बघ गं."
लघवी काळ्या द्राक्षांच्या वाइनसारखी.
डोळ्यांचे पांढरे हळदुले.
दोन पायऱ्या चढून सिसिन्निओ मासेमार
भिंतीला टेकला.

ओरिस्तानोच्या इस्पितळात मुरेड्डू डॉक्टरीणबाईंनी
मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला.
तांबड्या पेशी. काहींच्या कडेचा लचका गेलेला,
उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या.
"लहानपणी फावाचे दाणे खाऊन कधी आजारी पडला होता?"
बाबा म्हणाले, "फावाचं शेत आलं की आई
हात धरून मला लांबच्या वाटेनं न्यायची.
का, ते सांगितलं नाही.
तिलाही कुणी सांगितलं नसावं."

बाई सांगत होत्या, मी ऐकत होते:
या तळ्याकाठी डास होते, हिवताप होता,
घरंच्या घरं रिकामी व्हायची.
ज्यांच्या रक्तात ही उणीव, त्यांच्यात ताप मुरायचा नाही.
म्हणून ते उरले.
पुढं दलदल बुजवली, डास गेले,
उणीव तेवढी मागं राहिली
आणि मी तिच्यापुढं ही गोळी ठेवली.

शिरेत दुसऱ्याचं रक्त थेंब थेंब उतरताना
बाबा हसून म्हणाले,
"साठ वर्षं रक्ताचं पाणी केलं मी या तळ्यावर.
तुझ्या गोळीनं ते नऊ दिवसांत केलं."
तुझ्या, म्हणाले.
रागानं नाही.
तरी तो शब्द मी बसमधून घरी आणला.

होडी, जाळी, तळ्यावरची खोली
गेल्याच वर्षी प्रियामोच्या, माझ्या भावाच्या नावावर झाली.
नोटरीकडे मी सही करून आले, कुरकुर न करता.
आता डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर
चार रेघा ओढल्या:
यातलं मुलाकडं काही जात नाही.
मुलीकडं मात्र जातंच.
कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.
इथं सही लागत नाही.

बाबा आता इन्सुलिन घेतात, त्या सुईला शिव्या देतात.
काउंटरवर मी प्रत्येकाचं पत्रक उलगडते,
घरात फावाचं कुणाला सोसत नाही का, विचारते.
रांग चुळबुळते. कुणाला मासे शिजवायचेत,
कुणाची गाडी भलत्या जागी उभी.
म्हातारी अस्सुंता चष्मा कपाळावर चढवून विचारते,
"क्वचित म्हणजे किती गं, पोरी?"
मी काचेतून समोरच्या गल्लीकडं बोट करते.
डावीकडचं तिसरं दार.
निळं. रंग उडालेलं.