फणीचं पातं

अकरा बोल्ट निघाले.
बाराव्याचं डोकं झिजलेलं, तोही आला
छिन्नीच्या दोन ठोक्यांनी, कुरकुरत.
साइड कव्हर मात्र जागचं हललं नाही.

मे महिना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
दुपारी तीनला पान्हासुद्धा फडक्यात धरावा लागतो.
यादगिरी गाजूल स्टूलवर बसलाय
सिव्हिलच्या बाकावर बसल्यासारखा.
त्याच्या तीनचाकीत चाळीस गठ्ठे टॉवेल,
रात्रीच्या ट्रकला लागायचे.

लाकडी हातोडा चालवला, कडेकडेनं.
उकळतं पाणी ओतलं टोपभर.
थिनर सोडलं, एक विडी संपेपर्यंत थांबलो,
पुन्हा हातोडा.
मौलाली स्क्रूड्रायव्हर फटीत घालायला गेला,
त्याच्या मनगटावर चापट मारली.
ॲल्युमिनियम आहे बे,
एक ओरखडा पडला की जन्मभर गळत बसेल.

मग माझंच टाळकं सरकलं.
कुठल्या गाढवानं बसवलंय हे?
गोंद लावलाय का स्लॅब टाकलाय?
उघडायचंच नव्हतं तर
नट-बोल्ट कशाला दिले कंपनीनं?

यादगिरीनं चपलेनं जमीन उकरली.
"तूच की बे," म्हणाला.
"लॉकडाऊनमधी. शटर अर्धं पाडून."

मौलाली हसला, मग हसायचा थांबला.

होय की.
तेव्हा याची गाडी सिलिंडर ओढत होती,
गॅस्केट कुठंच मिळेना,
कंदिलासारखा मोबाइल दातात धरून
मी हाताला लागला तो पुठ्ठा कापला
आणि पुठ्ठ्यावर भरवसा नव्हता म्हणून
अख्खी ट्यूब पिळली, दोन्ही बाजूंनी.
भीतीच तेवढी होती त्या दिवसांत.

यादगिरी उठला. सीटखालून काढलं
वीतभर लांब, नखाहून पातळ पोलादी पातं.
"बापाच्या मागाच्या फणीतलं.
माग भंगारात गेला, फणी दिली नाही मी."

ते शिरलं.
जिथं काहीच शिरत नव्हतं तिथं शिरलं,
जसं इतकी वर्षं ताण्यातून वाट काढत आलं होतं.
कोपऱ्यापासून सुरू केलं, बोटभर, बोटभर,
जोर नाही, नुसतं मागं-पुढं.
गळ्यावरून घाम पाठीत, पाठीतून पट्ट्यात.
राखाडी रबराचे दोरे पायाशी पडत गेले.
आणि तव्यावरून भाकरी सुटावी
तेवढ्याच आवाजानं
कव्हर हातात आलं.

आत, इंजिनाच्या तोंडावर, पुठ्ठा चिकटलेला.
तेलानं काळा, तरी एका कडेला लाल,
लालावर सोनेरी, सोनेरी उलटं.
मला वाचता येईना.
महानंदा वहीतलं बिल घेऊन आली होती,
वाकून बघितलं, तिला लगेच वाचता आलं.
"यायचं हं," ती म्हणाली.
नुसतं तेवढंच उरलं होतं.

दोनशे पत्रिका छापल्या होत्या तिच्या.
बार्शीकडच्यांनी फोनवर "पुढं बघू" म्हटलं,
ते पुढं अजून बघतायत.
गठ्ठा इथंच पडला होता, बॅटरीच्या चार्जरमागं,
पुठ्ठा जाड, कापायला चांगला.
कुणाला विचारून कापला नाही मी.

हातात पातं. गाडीच्या खाली मौलाली.
यादगिरी घड्याळाकडं बघेना मुद्दाम.

"घास की," ती म्हणाली.
"कण राहिला तर तेल येईल बाहेर."

घासलं. थिनरचं फडकं, मग पातं, मग फडकं.
पहिल्यांदा हं गेलं, मग चं.
धातू निघाला खालून
ताटासारखा.

नवीन गॅस्केट मौलालीनं सात रस्त्यावरून आणलं होतं,
पाकिटातलं, कोरं, भोकाला भोक जुळणारं.
त्यावर ट्यूब धरली मी, सवयीनं अंगठा दाबला.
महानंदानं मनगट धरलं.
"इतकं पुरे," म्हणाली,
आणि टोपण शोधायला लागली,
जे तिला सापडलं बाकड्याखाली, जुन्या दोऱ्यांत.