क्लोरीन घातलेलं पाणी

कुद्रेमनीच्या माळावर शेड. चार हजार पक्षी.
आरवायचं वय यांना येतच नाही,
चाळिसाव्या दिवशी ट्रक येतो.

सव्विसाव्या दिवशी विष्ठेचा नमुना नेलेला,
त्यात जंतू निघाले.
खरं पक्षी ठणठणीत. दाणा उडवतायत, वजन घेतायत.
"त्यांना फारसं होत नाही, भरमाण्णा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"होतं ते खाणाऱ्याला."
मला जत्रा आठवली. अर्ध्या गल्लीला जुलाब,
आणि आम्ही दोष दिलेला बर्फाच्या गोळ्याला.

पण आले कुठनं?
दारात चुना, शेडचे बूट वेगळे,
चिमणी शिरू नये म्हणून बारीक जाळी.
टाकीत क्लोरीन तर मी स्वतः घालतो,
अंगाला वास इतका, की वाढताना
शेवक्का तोंड फिरवते.
मल्लाप्पानं ग्लास भरून उजेडात धरला,
"नीर चलो अदावरी."
पाणी चांगलंय, हे त्या दिवशी
दोन्ही भाषांत खोटं ठरलं.

बाईंनी निप्पलच्या पाइपातला बुळबुळीत थर
काचेवर घेतला, मला वाकायला लावलं.
वाटलेलं, काहीतरी वळवळेल.
हा तर एक ठिपका, कडा कुठं ते न ठरलेला;
आधी थोडं अंग पुढं सांडतो,
मग उरलेला सावकाश मागनं येतो.

"अमीबा. जंतू गिळून जगतो.
खरं गिळलेले सगळे पचत नाहीत,
काही आत राहतात. तुझं क्लोरीन आलं
की हा अंग आखडतो, भोवती कवच करतो.
कवचात हा, ह्याच्यात ते."
मग वास उडतो, पाणी कोमट होतं,
कवच उकलतं,
आणि एक पिल्लू चोच लावतं. टिक.

त्याला तरी काय ठाऊक,
आपण भुकेपोटी कुणाला आसरा दिला.

ट्रक गेल्यावर पाइप उतरवले, टाकी उपसली.
झाकणातनं आत उतरलो, ब्रश घेऊन.
काळोख, गारवा, थर नखानं निघत नाही.
बाहेर मल्लाप्पा क्लोरीनची बादली घेऊन उभा,
"साहुकार, ओतू काय?"
आवाज चारी बाजूंनी आला.
मी म्हटलं, थांब.
आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो आत.